साल्मोनेला हे नाव कोणाचे?

ताप आठवडाभर उतरला नाही की डॉक्टर ‘विडाल’ करून आणायला सांगतात. लॅबमधून कागद मिळतो. त्यावर १:८०, १:१६० असे आकडे असतात आणि आकड्यांच्या आधी एक इंग्रजी शब्द असतो, साल्मोनेला. टायफॉइडच्या जंतूचे हे कुळाचे नाव. लग्नाच्या पंगतीत जेवून दहा-वीस माणसे जुलाब-उलटीने आडवी होतात, त्यातही पुष्कळदा याच कुळातले दुसरे जंतू असतात. आपल्या घरात हा शब्द इतक्या वेळा येऊन गेला आहे, पण ते एका माणसाचे आडनाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो माणूस तापाचा डॉक्टर नव्हता. तो गुरांचा डॉक्टर होता, अमेरिकेच्या सरकारी नोकरीत. आणि ज्या जंतूला त्याचे नाव मिळाले तो जंतू त्याने स्वतः शोधलाही नव्हता.

आरोग्याच्या पानावर गुरांच्या डॉक्टरची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. आपल्या वस्त्यांत शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, काही घरी डुकरे आहेत. ज्यांच्याकडे यातले काही नाही त्यांच्या घरीही रोज दूध येते आणि रविवारी मटण-चिकन येते. जनावराला जे होते ते ताटापर्यंत येऊ नये म्हणून कोणीतरी मध्ये उभे राहावे लागते. हे काम सरकारचे आहे, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी कोणाच्या गावीही नव्हती. डॉ. डॅनियल एल्मर सॅल्मन यांची सगळी नोकरी त्यातच गेली.

त्यांचा जन्म २३ जुलै १८५० रोजी न्यू जर्सी राज्यातल्या माउंट ऑलिव्ह या गावी झाला. वर्षभरात बाप गेला, आठ वर्षांचे असताना आई गेली. एका नातेवाइकाने वाढवले. शेतावर राबत आणि दुकानात कारकुनी करत शिक्षण झाले. १८६८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठ उघडले, त्याच्या पहिल्याच तुकडीत ते दाखल झाले. तिथे जेम्स लॉ नावाचे स्कॉटलंडहून आलेले पशुवैद्यकाचे प्राध्यापक होते. अमेरिकेत त्या वेळी गुरांचा डॉक्टर म्हणजे बहुधा घोड्याला नाल ठोकणारा किंवा जडीबुटी देणारा माणूस. शिकलेला पशुवैद्य दिसणे कठीण. सॅल्मन १८७२ मध्ये पदवीधर झाले. पुढे १८७६ मध्ये कॉर्नेलने त्यांना ‘डॉक्टर ऑफ व्हेटरिनरी मेडिसिन’ ही पदवी दिली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारे ते पहिले.

काही वर्षे त्यांनी खासगी दवाखाना चालवला. पण तब्येत साथ देईना, म्हणून ते दक्षिणेकडच्या डोंगरी भागात राहायला गेले. १८७९ मध्ये शेती खात्याने गुरांच्या रोगांच्या अभ्यासाचे काम त्यांच्याकडे दिले आणि ते सरकारी सेवेत आले.

तेव्हा देशभर दोन रोगांची धास्ती होती. एक गुरांच्या फुप्फुसाचा, दुसरा ‘टेक्सास ताप’.

फुप्फुसाचा रोग १८४३ मध्ये समुद्रावाटे आला. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधल्या एका दूधवाल्याने जहाजावरची एक इंग्लिश गाय विकत घेतली, ती रोगी निघाली. पुढे काय झाले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. शहरातले गोठे दारूच्या कारखान्यांना चिकटून होते. दारू गाळून उरलेला गरम चोथा थेट गायींपुढे ओतला जाई, कारण त्याहून स्वस्त चारा नव्हता. कोंदट जागेत शेकडो गायी दाटीने बांधलेल्या, एक खोकली की शेजारची खोकायची. गाय मेली की तिच्या जागी दुसरी उभी. या गोठ्यांचे निळसर, पाणचट दूध शहरातल्या गरिबांच्या मुलांच्या वाट्याला येई. हा फुप्फुसाचा रोग माणसाला होत नाही हे खरे. पण तशा गोठ्यातले दूध पिऊन मुले आजारी पडत होती, हे त्या काळच्या वर्तमानपत्रांतही येत होते. तरी सरकार हलले नाही. सरकार हलले ते १८७९ नंतर, जेव्हा इंग्लंडने अमेरिकेच्या जिवंत गुरांवर निर्बंध घातले आणि बड्या व्यापाऱ्यांचा पैसा बुडू लागला. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा दिसणार आहे.

२९ मे १८८४ रोजी कायदा झाला आणि शेती खात्यात पशू-उद्योग कार्यालय सुरू झाले. इंग्रजीत त्याला ‘ब्यूरो ऑफ ॲनिमल इंडस्ट्री’ म्हणत. पहिले प्रमुख डॉ. सॅल्मन. माणसे किती ठेवायची? कायद्यातच लिहिले होते, एका वेळी वीसपेक्षा जास्त नाहीत. एवढा मोठा देश आणि वीस माणसे! शिवाय राज्य सरकारांच्या संमतीशिवाय कोणाच्या गोठ्यात पाय ठेवण्याचा अधिकार नाही.

या रोगावर औषध नव्हते. उपाय एकच, रोगी आणि त्याच्या संपर्कातली गुरे मारून टाकायची. १८८६ मध्ये शिकागोच्या दारूभट्टीच्या गोठ्यांतही रोग सापडला, तेव्हा संसदेने पैसा आणि अधिकार वाढवून दिले. सॅल्मन यांनी भागांना कुंपण घातल्यासारखी बंदी लावली, गुरांची मोजणी केली, मेलेले प्रत्येक जनावर फाडून फुप्फुस तपासायला लावले. आणि मारलेल्या गुरांचे पैसे दिले. आमच्या मते सगळ्या मोहिमेचे मर्म इथे आहे. ज्याची एकच गाय आहे तो माणूस भरपाई मिळणार नसेल तर रोगी गाय लपवतो, रातोरात विकून टाकतो. त्याला दोष देऊन काय उपयोग? सप्टेंबर १८९२ मध्ये रोग देशातून हटल्याचे जाहीर झाले. जोरदार मोहीम सुरू झाल्यापासून पाच वर्षे लागली आणि खर्च आला सुमारे १५ लाख डॉलर.

भरपाईचा हा प्रश्न आपल्याकडेही येऊन गेला आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांचा बर्ड फ्लू आढळला, देशातला पहिला. लाखो पक्षी मारले गेले, मोठ्या पोल्ट्रीतले आणि परसातलेही. २०२२ मध्ये गुरांना लम्पी झाला तेव्हा महाराष्ट्र सरकारने दगावलेल्या गायीमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० अशी मदत ठरवली. अशी मदत मागायची तर जनावर मेल्याबरोबर गुरांच्या दवाखान्यात कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. पुरून टाकल्यावर कागद होत नाही. शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्यांनी १९६२ हा सरकारी टोल फ्री नंबर लिहून ठेवावा. त्यावर फोन केला की गुरांच्या डॉक्टरांची फिरती गाडी मागवता येते.

आता टेक्सास ताप. दक्षिणेतली गुरे दिसायला धडधाकट, पण ती उत्तरेत नेली की ज्या रस्त्याने गेली, ज्या कुरणात चरली, तिथली स्थानिक गुरे महिना-दीड महिन्यात रक्तासारखी लाल लघवी करून पटापट मरत. आणि आणणारी गुरे ठणठणीत! सॅल्मन यांनी सुरुवातीची काही वर्षे गावोगाव हिंडून हा रोग कायम मुक्कामी आहे असा भाग कुठून कुठपर्यंत आहे याची रेघ नकाशावर आखली. रेघेच्या दक्षिणेची गुरे उन्हाळ्यात उत्तरेत न्यायची नाहीत, असा नियम त्यावरून करता आला. कारण मात्र कळत नव्हते. गुराखी म्हणत, हे गोचिडांचे काम आहे. शिकलेले लोक त्यांना हसत.

१८८९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगाच्या शेतावर ही गोष्ट तपासायला घेतली. एफ. एल. किलबोर्न हे तिथले पशुवैद्य. काही दक्षिणी गुरांच्या अंगावरचे गोचीड त्यांनी हाताने वेचून काढले आणि मग ती गुरे उत्तरेकडच्या गुरांत सोडली. रोग झाला नाही. दुसऱ्या वावरात गुरे नाहीतच, नुसते गोचीड सोडले. तिथे रोग झाला. थिओबाल्ड स्मिथ नावाच्या तरुण डॉक्टरने आजारी गुरांच्या रक्तातल्या लाल पेशींत जंतू सापडवले. कूपर कर्टिस यांनी गोचिडाचा जन्मक्रम उलगडला. हा गोचीड एकाच जनावरावर वाढतो, मग खाली पडून अंडी घालतो आणि रोग पुढे नेतात ती त्या अंड्यांतून निघालेली पिल्ले. म्हणून मध्ये इतके दिवस जात होते. १८९३ मध्ये हे सगळे छापून आले. एका प्राण्यातून दुसऱ्यात असा जंतूचा ताप किडा वाहून नेतो, हे त्यातून सिद्ध झाले. चार वर्षांनी, १८९७ मध्ये, सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. मच्छरदाणीचे महत्त्व ज्या विचारातून कळले त्याची एक वाट गुरांच्या गोचिडांवरून आलेली आहे. आणि अडाणी म्हणून ज्यांना हसत होते ते गुराखी बरोबर ठरले होते.

स्मिथ यांच्याविषयी थोडे जास्त सांगायला हवे. जर्मनीहून आलेल्या घरातला हा मुलगा, जन्म १८५९ चा. माणसांच्या वैद्यकाची पदवी घेऊन तो सॅल्मन यांच्या हाताखाली लागला. जंतूंची विद्या शिकवणारे अमेरिकेत त्याला कोणी नव्हते. जर्मन पुस्तके वाचून तो स्वतःच शिकला. त्या वेळी डुकरांत ‘हॉग कॉलरा’ची साथ होती, शेतकऱ्यांचे कळपच्या कळप संपत होते. १८८५ मध्ये आजारी डुकरांतून स्मिथ यांनी एक जंतू वेगळा काढला. अहवालावर नाव होते सॅल्मन यांचे, साहेब म्हणून. १९०० मध्ये लिनिएर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या जंतूंच्या कुळाला सॅल्मन यांच्या सन्मानार्थ ‘साल्मोनेला’ म्हटले आणि ते नाव कायमचे झाले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला तो स्मिथ. स्मिथ यांना याचे वाईट वाटत होते आणि १८९५ मध्ये ते खाते सोडून गेले. सॅल्मन यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, माणसे त्यांनी निवडली, संसदेत पैशासाठी भांडले ते. पण साहेबाचे नाव कुळाला आणि हाताखालच्याचे नाव तळटीपेत, हे काही न्यायाचे झाले नाही.

यात आणखी एक वळण आहे. हा जंतू हॉग कॉलराचे खरे कारण नव्हताच. ते एका विषाणूचे काम होते आणि जंतू मागून शिरलेला पाहुणा होता. हे १९०३ मध्ये त्याच खात्यातल्या श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट या दोघांनी दाखवून दिले. आपल्या साहेबाच्या नावाचा शोध चुकीचा ठरवणारे संशोधन त्याच्याच खात्यात झाले आणि छापलेही गेले. ही गोष्ट आम्हाला सॅल्मन यांच्या मोठेपणाची वाटते.

मात्र त्या ‘चुकीच्या’ जंतूने एक फार मोठे काम करून ठेवले होते. १८८६ मध्ये सॅल्मन आणि स्मिथ यांनी जंतू वाढवलेले पाणी तापवले, जंतू पार मारले आणि ते कबुतरांना टोचले. काही दिवसांनी त्याच कबुतरांना जिवंत जंतू टोचले, एरवी मरण यावे इतके. कबुतरे जगली. तोपर्यंत लस म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला जंतू अशीच समजूत होती. मेलेला जंतूही शरीराला ओळख करून देतो, हे या कबुतरांनी दाखवले.

याच तत्त्वाची लस पुढे मुंबईत तयार झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी तुपाचे थेंब टाकलेल्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव त्यांचेच. आज अंगणवाडीत बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पाचगुणी लस, म्हणजे पेंटाव्हॅलंट, देतात. त्यातला डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या जंतूंचाच असतो. त्या सुईने मांडी सुजली, रात्री ताप आला म्हणून काही आया पुढचा डोस चुकवतात. तो ताप म्हणजे शरीर मेलेल्या जंतूची ओळख करून घेत आहे. एक-दोन दिवसांत तो उतरतो. नर्सताईंनी दिलेले तापाचे औषध द्यावे आणि पुढची तारीख चुकवू नये.

साल्मोनेलाचे आज अडीच हजारांहून जास्त प्रकार माहीत आहेत. आपल्याला दोन गट कळले तरी पुरे. टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो. तो कोंबडीकडून येत नाही. रोग्याच्या किंवा बऱ्या झालेल्या वाहकाच्या शौचातून पाण्यात आणि तिथून उघड्यावरच्या खाण्यात येतो. म्हणून गटाराला लागून फुटलेली पाइपलाइन आणि टायफॉइड यांचा संबंध पहिला. विडालविषयीही सांगून ठेवतो. पहिल्या चार-पाच दिवसांत केलेल्या विडालला फारसा अर्थ नसतो आणि पूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल तरी आकडा वाढलेला दिसू शकतो. पक्के निदान रक्ताच्या कल्चरने होते, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घेतले तर जास्त भरवशाचे. परवडत असेल किंवा सरकारी रुग्णालयात होत असेल तर तसे डॉक्टरांना जरूर विचारावे. टायफॉइडची लस आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती मुलांना मोफत दिली होती.

दुसरा गट जनावरांतून येणारा. कोंबडीच्या आतड्यात तो राहतो आणि कोंबडी आजारी दिसत नाही. बाजारात तडकलेली अंडी स्वस्त मिळतात, आपण घेतो. तडकलेल्या कवचातून घाण आत जाते. तशी अंडी घेतलीच तर त्याच दिवशी, पिवळा बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत उकडावी. हाफ फ्राय किंवा दुधात कच्चे अंडे लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बाईला देऊ नये. आणलेले चिकन आपण जोराच्या नळाखाली धुतो. त्याचे शिंतोडे हातभर लांब उडतात आणि शेजारच्या कोथिंबिरीवर, ताटांवर बसतात. धुवायचेच तर पातेल्यात, हलक्या हाताने, आणि ते पाणी सांभाळून ओतावे. चिकन कापलेल्या विळीवर किंवा सुरीने लगेच कांदा-काकडी चिरू नये, आधी साबणाने धुवावी. कांदा-काकडी शिजत नाही, तिथूनच पोटात जाते. मांस आतपर्यंत शिजले की हा जंतू मरतो. त्याला काही विशेष औषध लागत नाही.

जुलाब झाले तर पहिले काम पाणी भरून काढण्याचे. जलसंजीवनीची पुडी आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात मिळते. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नये. मुलाला झिंकच्या गोळ्याही मिळतात, त्या जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण द्यायच्या. बाळाचे अंगावरचे दूध बंद करायचे नाही. शौचात रक्त, न उतरणारा ताप, खोल गेलेले डोळे, सुस्ती, लघवी बंद, यातले काहीही दिसले तर घरी थांबू नये. मेडिकलमधून विचारून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्यांनी मात्र भले होत नाही. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबाला बहुधा त्या लागतच नाहीत आणि अर्धवट घेतल्या तर जंतू त्यांना सरावतात.

पुन्हा अमेरिकेकडे वळू. १८८० च्या आसपास इटली, जर्मनी, फ्रान्स या देशांनी अमेरिकेचे डुकराचे मांस घेणे बंद केले. त्यात ट्रायकिना नावाचे बारीक कृमी असतात आणि ते कच्चट मांस खाणाऱ्याच्या स्नायूंत जाऊन बसतात. मांसाचे व्यापारी पुन्हा अडचणीत आले आणि पुन्हा कायदा झाला, १८९० मध्ये निर्यातीच्या मांसासाठी, १८९१ मध्ये राज्याराज्यांतल्या व्यापारासाठीही. सॅल्मन यांच्या खात्याचे निरीक्षक कत्तलखान्यात उभे राहू लागले. जनावर जिवंत असताना एकदा आणि कापल्यावर आतडी-फुप्फुसे पाहून दुसऱ्यांदा तपासणी. ट्रायकिनासाठी सूक्ष्मदर्शक लावले गेले आणि शिकागोत त्यावर बायकांना नेमले गेले. सरकारी प्रयोगशाळेचे काम बायका पगारावर करत आहेत, हे त्या काळी नवल होते. जर्मनीने १८९१ मध्ये बंदी उठवली.

पण सूक्ष्मदर्शकाची तपासणी कोणत्या मांसाची? जे देश मागत होते त्यांच्याकडे जाणाऱ्या मांसाची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मांसाला ती नव्हती. आणि गावात कापून गावातच विकणाऱ्या कत्तलखान्यांवर मध्यवर्ती सरकारचा निरीक्षक नव्हताच. बर्लिनच्या गिऱ्हाइकासाठी दुर्बीण आणि शिकागोच्या कत्तलखान्यात राबणाऱ्या मजुरासाठी नशीब, असा हा हिशेब होता. सॅल्मन यांचा दोष यात किती हे सांगणे अवघड आहे. कायदाच तसा होता. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी आली, शिकागोच्या कत्तलखान्यांतले वर्णन वाचून लोक हादरले आणि त्याच वर्षी ३० जूनला कडक कायदा झाला.

आपल्याकडे पालिकेच्या कत्तलखान्यात गुरांचे डॉक्टर तपासणी करतात आणि मांसावर शिक्का मारतात. दुकानात टांगलेल्या बोकडावर तो शिक्का आहे का हे बघायचा आणि विचारायचा आपल्याला हक्क आहे. विचारले की कधी कधी खाटीक चिडतो. चिडू द्यावे. घरची शेळी अचानक मेली, नाकातोंडातून काळे रक्त आले, तर ती कापू नये, वाटून तर मुळीच घेऊ नये. तो काळपुळीचा रोग असू शकतो आणि नुसते कातडे सोलतानाही तो हाताला लागतो. किती पैसे बुडाले याचा विचार त्या वेळी मनात येणारच, म्हणून वर तो १९६२ नंबर दिला आहे.

सॅल्मन यांनी शेवटी हातात घेतलेला विषय दुधाचा होता. गायीलाही क्षय होतो, आणि त्या गायीच्या कच्च्या दुधातून तो मुलांच्या मानेच्या गाठीत, पोटात, हाडात येतो. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत रॉबर्ट कॉख यांनी, म्हणजे ज्यांनी क्षयाचा जंतू शोधला त्यांनीच, सांगितले की गायीच्या क्षयाचा माणसाला विशेष धोका नाही. एवढ्या मोठ्या माणसापुढे बोलणार कोण? सॅल्मन यांनी त्याच वर्षी सरकारी पुस्तिका काढून धोका आहे असे पुराव्यानिशी मांडले. इंग्लंडच्या सरकारने नेमलेल्या आयोगाने दहा वर्षे तपास करून १९११ पर्यंत हेच खरे ठरवले. आपल्याकडचा बहुतेक टीबी माणसाच्या खोकल्यातूनच पसरतो, गायीला घाबरून जायचे कारण नाही. पण दूध गायीचे असो, म्हशीचे की शेळीचे, चांगली उकळी आल्याशिवाय मुलाला देऊ नये. ‘शेळीचे कच्चे दूध औषधी’ असे सांगणारे भेटतात. शेळीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेला नावाचा जंतू येतो. महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी असे त्याचे दुखणे असते आणि ते पटकन ओळखूही येत नाही.

एवढे करून नोकरीचा शेवट मात्र चांगला झाला नाही. मांसाच्या तपासणीची लेबले ज्या छापखान्यात छापली जात त्यात सॅल्मन यांची पूर्वी भागीदारी होती, हे १९०५ मध्ये बाहेर आले. चौकशी झाली. त्यांनी सरकारचे पैसे खाल्ले असे काही निघाले नाही. तरी ज्या कामाचे आपण वरिष्ठ, त्या कामाच्या ठेकेदाराशी व्यवहाराचा संबंध असणे चूकच होते. सॅल्मन यांना राजीनामा द्यावा लागला. वीस माणसांच्या खात्याचे त्यांनी एकवीस वर्षांत देशभर पसरलेले खाते केले होते. पुढच्याच वर्षी मांसाचा मोठा कायदा झाला तेव्हा ते खुर्चीवर नव्हते.

त्यानंतर १९०६ मध्ये ते दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशात गेले. मोंतेविदेओच्या विद्यापीठात पशुवैद्यकाचे शिक्षण उभे करण्याचे काम त्यांना मिळाले. वय छप्पन्न, भाषा परकी. तिथे पाच वर्षे काढून ते परतले आणि मोंटाना राज्यातल्या ब्यूट या खाणींच्या गावी हॉग कॉलराची लस-द्रव्ये बनवणाऱ्या कारखान्याचे काम पाहू लागले. तेथेच ३० ऑगस्ट १९१४ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. गायींच्या क्षयाविरुद्ध देशभराची मोहीम त्यांच्या जुन्या खात्याने १९१७ मध्ये सुरू केली. ती चालवली गोठ्यागोठ्यात तपासणी, रोगी गायी काढून टाकणे आणि मालकाला भरपाई या पद्धतीने.